गळ्यातलं काढून ठेवा

माझी आत्या एक्स-रे काढते. ‘गळ्यातलं काढून ट्रेमध्ये ठेवा,’ हे तिचं दिवसभराचं वाक्य. स्वतःचा क्रूस मात्र तिनं वीस वर्षं कोटाच्या आत पिनेनं टाचून लपवला. आम्ही कॅथलिक, पण गुपचूप. उगाच कटकट नको.

गेल्या वर्षी तिला काय झालं कोण जाणे. पेशंटला ‘श्वास रोखा’ म्हटलं की तेवढ्या वेळात ती पडद्याआड त्याच्यासाठी प्रार्थना करू लागली. “तेवढ्यात देव शेजारी येऊन उभा राहतो गं,” म्हणाली. मी हसले. मूर्खच मी.

मग आमच्या लोकांच्या दारांवर खडूच्या फुल्या दिसू लागल्या, माणशी एक. सोमवारी दुपारी आत्याचा डबा घेऊन गेले, तर तिच्या टेबलापाशी एक अनोळखी गृहस्थ उभा.

“बाई,” तो गोड आवाजात म्हणाला, “ट्रेमध्ये क्रूस कोण कोण ठेवतं, तेवढी नावं सांगा.”

आत्यानं कोटाची बटणं सोडली, पिन काढली आणि आपला क्रूस ट्रेमध्ये ठेवला.

“हे एक नाव लिहा. दुसरं माझ्याकडून मिळणार नाही.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं शांतपणे घरचा पत्ता विचारला. आत्यानं सांगितला.

माझाही पत्ता तोच. काल मी कपाटातला माझा क्रूस काढला, कपड्यांवरून दिसेल असा घातला आणि बाजारात जाऊन आले.

आज सकाळी आमच्या दारावर दोन फुल्या होत्या.