अनंताची कावीळ

आमची आई गेल्यावर तीन महिन्यांनी तिला पुन्हा कावीळ झाली.

हे निदान माझं नाही, आबांचं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझे वडील अंगणातल्या अनंताच्या झाडाशी जाऊन बसायचे. त्या दिवशी तिथूनच त्यांची हाक आली, "बाळ्या, भायेर ये. तुझी आई परत पिवळी पडलीया."

मी दात घासत होतो. तोंडातली पेस्ट गिळली आणि धावलो.

हा अनंत आईनं लावलेला. कमरेएवढं झुडूप, पण फुलायला लागलं की वास पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायचा. आणि आईची राखही याच झाडाच्या बुंध्याशी होती. रक्षाविसर्जनाच्या दिवशी सगळे पाहुणे पंचगंगेवर जायला तयार होऊन उभे, आणि आबांनी मडकं पोटाशी धरलं ते सोडेचनात.

"नदीत सोडली की ती शिरोळला जाणार. तितं कोण हाय तिचं?"

"आबा, तिची धाकटी बहीण हाय की शिरोळात," मामा म्हणाले.

"म्हणूनच म्हणालोय!"

(मावशी शेजारीच उभी होती!) मडकं अख्खं अनंताच्या बुडाशी रिकामं झालं.

आता पानं पिवळी. आबा माझ्याकडे बघत होते आणि मी झाडाकडे. आम्हा दोघांनाही एकच गोष्ट आठवत होती, ती सांगूनच टाकतो. आईचे डोळे पहिल्यांदा पिवळे दिसले, तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "ऊन लागलंय तुला. ताक पी." तीन आठवडे मी तिला ताक पाजलं. आबा चारदा म्हणाले, डॉक्टरला दाखवू. मी चारदा म्हणालो, बघू. शेवटी दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. त्यानंतर आई दोन महिनेही राहिली नाही. आबा मला यावरून एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर या खेपेला हयगय करायची नाही, असं मी ठरवलं. झाडाच्या दुर्दैवाला तिथून सुरुवात झाली.

मोबाइलमध्ये 'पानं पिवळी पडणे' असं टाकलं. पहिलंच उत्तर आलं, नत्र कमी. (दुसरं उत्तर वाचायला वेळ कुणाला होता!) मी दोन मुठी युरिया आणून बुडाशी ओतला.

"एवढा?" आबा म्हणाले.

"या वेळी कमी पडायला नको, आबा."

चार दिवसांत पिवळ्या पानांना तपकिरी काठ आले. साडीला ते शोभले असते.

कुंपणावरून शेजारचे शामराव डोकावले. "पाणी कमी पडलंय ओ! झाड वाळालंय!" मी सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन बादल्या सुरू केल्या. आठवड्यात बुंध्याशी इतका चिखल झाला, की आबांची खुर्ची एका बाजूला खचली आणि ते चहासकट कलंडले. शामराव पुन्हा डोकावले. "आरं, एवढं पाणी कोण घालतंय? मुळं कुजतील की!"

"तुम्हीच सांगितलं होतं!"

"मी घाल म्हणालो. बुडव म्हणालो न्हाय!"

माझी बायको सुजाता म्हणाली, "अहो, त्या झाडाला जरा सुखानं जगू द्या." पण तोवर मला आमच्या पाणी तापवायच्या बंबातली राख आठवली होती. राख झाडाला चांगली असते, हे लहानपणापासून ऐकलेलं. घातली घमेलंभर.

मग पानं पिवळीही राहिली नाहीत. शेंड्याची कोवळी पानं पांढुरकी पडली, नुसत्या शिरा हिरव्या. त्या दिवशी आबांनी अर्धं ताट बाजूला सरकवलं. "हिनं शेवटाला असंच केल्तं. आधी पिवळी, मग पांढरीफट्ट." आणि ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा घरात नाहीत! मी गल्ली पालथी घातली, आणि तेवढ्यात आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन. आबांनी तिथं नंबर लावला होता. पेशंटचं नाव सांगितलं होतं शालन. आईचं नाव. मी धापा टाकत पोचलो तेव्हा आबा टॉवेलात गुंडाळलेली फांदी डॉक्टरांच्या टेबलावर उलगडत होते.

"हिला बघा जरा," आबा म्हणाले. "पोरगा औषध करतोय, पर गुण न्हाय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पान उजेडाकडे धरलं, उलटून बघितलं आणि म्हणाले, "आबा, हे काम नर्सरीवाल्यांचं. पण आजच न्या. उशीर झालेला दिसत नाही."

मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

कागलच्या रस्त्याला एक नर्सरी आहे, तिथं थेट गेलो. मालकीणबाई कोपरापर्यंत मातीत. फांदी हातात घेऊन त्यांनी एकदाच बघितलं.

"नवी पानं पांढुरकी, शिरा हिरव्या. लोह मिळंना झालंय झाडाला. पावणं, बुडात राख घातलाय काय?"

"बंबातली," मी म्हणालो. "घमेलंभर."

"आणि त्याच्या आधी?"

आबा टॉवेलानं हात पुसत होते.

"आधी कारभारीण घातलीय," ते म्हणाले.

"किती?" बाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्यांना कळलं. त्यांनी मातीचा हात तसाच तोंडावर धरला.

"सगळी," आबा म्हणाले.

बाई मटकन कुंड्यांवर बसल्या. मग हलक्या आवाजात त्यांनी समजावलं. राख फार झाली, की माती अल्कधर्मी होते, मग तिच्यात लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. वरची वीतभर माती काढायची, शेणखत घालून नवी भरायची, लोहाचं औषध पानांवर फवारायचं. युरियाचं आणि बादल्यांचं मी कबूल केल्यावर म्हणाल्या, युरिया बंद. पाणी माती सुकल्यावरच.

माती काढायची म्हणजे आईला काढायचं. मी खुरपं घेऊन बसलो खरा, पण हात चालेना. आबांनी ते माझ्या हातातून घेतलं. करड्या चिखलात बोटं घालून ते बराच वेळ काही शोधत राहिले.

"ह्यात ती कुठली, आणि बंबातली कुठली?"

मीही मूठभर चिखल उचलून बघितला. सगळी राख एकाच रंगाची.

"आयला बंबात कालवलास व्हय रं!"

आणि आबा हसायला लागले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. खांदे हलत होते, आणि डोळ्यांतून पाणी. मग हसणं थांबलं आणि पाणी तसंच राहिलं. मीही शेजारी चिखलात बसलो आणि जे इतके महिने गिळलं होतं ते बोललो. "आबा, मी उशीर केला."

"व्हय, केलास," आबा म्हणाले. "मीबी तुझं ऐकलो. मला पाय न्हवते काय?"

मग ती माती आम्ही घमेल्यातून अंगणभर नेली. नारळाला, कढीपत्त्याला, पेरूला, थोडी थोडी सगळ्यांना. "सगळं तिच्या एकटीच्याच अंगावर टाकायची सवय लागलीया आपल्या घराला," आबा पुटपुटले.

महिन्याभरानं नर्सरीच्या बाई मुद्दाम झाड बघायला आल्या. शेंड्याला हिरवी पानं धरली होती. सगळी नाही, एक बाजू वाळलीच. सुजातानं चहा दिला. पेल्यातून वर बघत बाईंनी सहज विचारलं, "पावणं, तुम्ही काय करता?"

"हायस्कुलात शिक्षक आहे."

"व्हय? कुठला विषय?"

आता, गेली एकवीस वर्षं मी दरवर्षी नववीच्या वर्गात राख पाण्यात कालवतो, त्यात लाल लिटमस बुडवून निळा करून दाखवतो, आणि राखेत अल्क असतं हे पोरांकडून तीनदा वदवून घेतो.

"इतिहास," मी म्हणालो.