तीन गावांचा सामाईक सर्व्हर

आमच्या थोरल्या साडूंना एकट्याच्या मालकीची वस्तू बघवत नाही, आणि असा दुसरा माणूस संपूर्ण जालना जिल्ह्यात सापडणार नाही. टेंभुर्णीत त्यांच्या घरची शिडी घरात कधीच नसते. ती गल्लीत कुणाकडे तरी असते, आणि साडूंना स्वतःला माळ्यावर चढायचं असेल तर ते शेजाऱ्याचं टेबल मागून आणतात. स्कूटरची किल्ली दाराबाहेर खिळ्याला टांगलेली. एकदा स्कूटर तीन दिवस परत आली नाही तेव्हा ते बेचैन झाले, पण स्कूटरसाठी नव्हे. नेणाऱ्याला पेट्रोल पुरलं असेल की नाही म्हणून. शाळेतून निवृत्त होताना मिळालेली शाल त्यांनी शिपायाबरोबर एक हिवाळा तुझा, एक माझा अशी वाटून घेतली. एका दिवाळीला तीर्थपुरीच्या आमच्या सासऱ्यांनी दोन्ही जावयांना एकेक घड्याळ दिलं. साडूंनी मला बाजूला घेऊन सुचवलं, की दोघांत एक पुरे. महिनाभर तुम्ही बांधा, महिनाभर मी, आणि दुसरं परत करू. मी नाही म्हणालो. त्या नकाराचा उल्लेख ते अजून करतात, तोही चारचौघांत.

निवृत्तीनंतर त्यांची नजर शाळांच्या मालमत्तेवर गेली. टेंभुर्णीच्या त्यांच्या जुन्या शाळेला कुणीतरी सर्व्हर भेट दिला होता, म्हणजे धडे, चाचण्या, हजेरी असं सगळं एका जागी ठेवून मुलांच्या पडद्यापर्यंत पोचवणारं यंत्र. ते खोक्यातच होतं आणि खोक्यावर भूगोलाचे नकाशे ठेवले जात. धावड्याच्या एका शाळेत इंटरनेटची उत्तम लाइन होती, पण दहावीच्या वर्गाला गणित शिकवायला जूनपासून कुणी नव्हतं. तीर्थपुरीच्या एका शाळेत गणिताच्या अशा बाई होत्या की नापास व्हायला मुलांना विशेष प्रयत्न करावे लागत. पण तिथे यंत्र नव्हतं आणि लाइनही नव्हती. टेंभुर्णीचा सर्व्हर धावड्याच्या लाइनीवर बसवायचा, तीर्थपुरीच्या बाईंना त्यावर शिकवायला लावायचं आणि तिन्ही शाळांनी ते वापरायचं, असा साडूंचा आराखडा. धावडा आणि टेंभुर्णी शेजारच्या तालुक्यांत आहेत, तीर्थपुरी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. गणिताच्या बाई जवळपास कुठे मिळणार नाहीत का, असं मी विचारलं. "सासरवाडीला वगळून काही करता येतं का, साडूभाऊ?" ते म्हणाले. तांत्रिक आराखड्यात हे कारण मी प्रथमच ऐकलं.

त्यांनी तिन्ही मुख्याध्यापकांना कसं पटवलं हे मला ठाऊक नाही. पटेपर्यंत साडू रोज त्यांच्यापैकी एकाच्या घरी जेवायला जात, एवढं कळलं. त्याआधी प्रत्येक शाळेत हजेरीचं एक अॅप, अभ्यासाचं दुसरं आणि चाचणीचं तिसरं असे, आणि पासवर्ड मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर. साडूंनी ते सगळं एका दारात आणलं. एका नावाने आत गेलं की सगळं समोर. तीर्थपुरीला फोनची रेंज फक्त एका खिडकीत यायची, म्हणून फळा उचलून खिडकीला लावला आणि बाई ओट्यावर उभ्या राहून, बाहेरून, वर्गाकडे तोंड करून शिकवू लागल्या. मी जालन्याला एका पेपरात काम करतो, तेव्हा याची बातमी करायचं ठरवलं. साडू विचारात पडले. मग त्यांनी विचारलं, की बातमी एकट्या तुमच्याच पेपरात कशाला, सगळ्यांना मिळून एकच देता येणार नाही का. बातमी राहिली.

वापराचा नियम त्यांनी अर्थातच सामाईक विहिरीचा लावला. एका विहिरीवर तिघांच्या मोटारी असल्या की पाण्याच्या पाळ्या ठरतात. एकाची मोटर चालू, बाकीच्यांच्या बंद. इथेही तसंच. सोमवार-मंगळवार तीर्थपुरी, बुधवार-गुरुवार धावडा, शुक्रवार-शनिवार टेंभुर्णी. पाळी नसेल त्या शाळेने आपल्या पडद्याचा स्विच खाली करायचा, बाईंचा फोन तेवढा चालू, आणि तसं साडूंना फोनवर कळवायचं. बाई प्रत्येक प्रमेय आठवड्यातून तीनदा सिद्ध करत. शनिवारी त्यांचा आवाज बसलेला असे आणि टेंभुर्णीच्या मुलांची अशी समजूत झाली होती की भूमिती हा विषय कुजबुजतच शिकवतात. पाळी खाल्ली, पाळी लांबवली, सुट्टीची पाळी बदलून दिली नाही, अशा तक्रारींचे वीस-वीस फोन साडूंना रोज येत. ते प्रत्येकाचं ऐकून घेत, वहीत लिहीत आणि अत्यंत सुखात असत.

जानेवारीत ते सुख संपलं. तीर्थपुरीने स्नेहसंमेलनात बुडालेला अभ्यास भरून काढायला धावड्याचा बुधवार घेतला आणि गुरुवारही घेतला. धावड्याच्या मुख्याध्यापकांनी शुक्रवारी लाइनच काढली. त्यामुळे काहीही न केलेल्या टेंभुर्णीची पाळी गेली आणि तिथल्या मुख्याध्यापकांनी आपलं यंत्र परत आणण्यासाठी टेम्पो ठरवला. परीक्षा दीड महिन्यावर होती. धावड्याच्या चाळीसेक मुलांची त्रिकोणमिती अर्धी झालेली, महत्त्वमापन पूर्ण राहिलेलं, आणि बाई दिसायच्या बंद झाल्या तर त्यांना शिकवणारं दुसरं कुणीच नव्हतं.

शनिवारी सकाळी साडूंना घेऊन मी धावड्याला गेलो. फाटकाशी टेम्पो उभा होता. यंत्राला धक्का लागू नये म्हणून आत गाद्या अंथरल्या होत्या. यंत्र नीट सोडवायला जालन्याहून एक इंजिनिअर मुलगी आली होती. ऑफिसात तिन्ही मुख्याध्यापक बसले होते. मशीन आमची, एक म्हणाले. लाइन आमची, दुसरे म्हणाले. बाई आमच्या, असं तिसरे म्हणाल्यावर कोपऱ्यात बसलेल्या बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी ते वाक्य मागे घेतलं. साडू वही उघडून पाळ्या वाचू लागले, पण कुणी ऐकत नव्हतं. शेवटी त्यांनी वही मिटली. "मशीन न्या, लाइन काढा," ते म्हणाले, "फक्त या पोरांची परीक्षा होऊ द्या. तोवर माझ्या टेंभुर्णीच्या पाळ्या धावड्याला घ्या." माझ्या कशा, शाळेच्या, असं टेंभुर्णीचे मुख्याध्यापक म्हणाले आणि पुन्हा सुरू झालं.

इंजिनिअर मुलगी वायरी मोजून उभी होती. तिने विचारलं, "काका, सोडवण्याआधी एक सांगा. एका वेळी एकच शाळा का?"

"पाळी हाय ना, मॅडम," साडू म्हणाले. "तिघांनी एकदमच मोटर लावली तर कोणालाच बराबर पाणी मिळत न्हाई."

"हे पाणी न्हाई, काका. तिघांनी एकदम घेतलं तरी कमी होत न्हाई. अशा तीस शाळा चालतील यावर."

टेम्पोवाल्याने दारातून डोकावून किती वेळ लागेल असं विचारलं. सहा महिने तीन गावांनी ज्याच्यासाठी भांडण केलं ते मुळात अपुरं नव्हतंच. बाई सगळ्यात आधी भानावर आल्या. "म्हंजे पायथागोरस मी उगाच तीनदा शिकवला?" त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या ते थांबेनात. मग धावड्याचे मुख्याध्यापक हसले, मग सगळेच. टेम्पो गाद्यांसकट रिकामा परत गेला.

सोमवारी तिन्ही शाळांचे स्विच एकदम वर झाले. पडद्यावर तीन गावांची मुलं एकमेकांना प्रथमच दिसली आणि पहिली दहा मिनिटं हात हलवण्यात गेली. त्रिकोणमिती त्या आठवड्यात संपली, महत्त्वमापन पुढच्या पंधरवड्यात, दोन्ही एकेकदाच शिकवून. परीक्षा झाली, धावड्याचा वर्ग पास झाला. नव्या वर्षात आणखी दोन शाळा आल्या. सगळं इतकं सुरळीत चालू लागलं की साडूंना फोन करायचं कुणाला कारणच उरलं नाही. एकदा दुपारी ते जालन्याला माझ्या ऑफिसात आले, चहा घेतला, काही काम न्हाई म्हणाले आणि तासभर बसून गेले.

मग जुलैत ते टेंभुर्णीच्या दहावीच्या वर्गात, शेवटच्या बाकावर, गणिताच्या तासाला जाऊन बसू लागले. गणित आपलं जरा कच्चंच राहिलं, असं त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही. बाईंनी तर हजेरीत त्यांचं नाव घातलं. नाव घालायचं तर पालकाचा नंबर द्यावाच लागतो. त्यांनी माझा दिला.

परवा दुपारी मला निरोप आला: आपला पाल्य आज गणिताच्या तासाला गैरहजर आहे. मी लगेच फोन लावला. जरा ताप आल्ता, आता उतरून राह्यला, त्यांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं:

"बाईंनी इचारलं असंल का हो, मी का आलो न्हाई म्हणून?"

विचारलं, असं मी सांगितलं. बाईंना फोन मी त्यानंतर केला.