ह्यांच्या वाट्याचं गाणं

हे गेल्याचं मला धारला कळलं. भाचीकडे वास्तुशांत होती म्हणून दोन दिवसांसाठी गेले होते. पानं मांडत होतो, तेवढ्यात भाचजावई फोन कानाला लावून बाहेर गेला आणि परत आला तो माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, "आपल्या घरून, देवासचा होता ना? सांगून टाक." तो म्हणाला, "आत्या, आतोबा गेले. चहा घेतला, ओट्यावर बसले आणि..." ह्यांचं वय नव्वदीच्या पुढचं, मला काही धक्काबिक्का बसला नाही. निघताना मी त्यांना म्हटलं होतं, "पाण्याची मोटार बंद करायला विसरू नका." ते म्हणाले, "हो." शेवटच्या भेटीत लोक काय काय बोलतात म्हणे. आमचं मोटारीवर संपलं.

तेराव्याला बरीच माणसं आली. प्रत्येकजण म्हणत होता, बळवंतराव मोठे कलाकार, दरबारच्या बँडमधला शेवटचा माणूस गेला. मी मान हलवत होते. खरं सांगायचं तर हे कलाकार होते की नव्हते, हे मला साठ-पासष्ट वर्षांत ठरवता आलं नाही. आजही येत नाही. लोक आपले म्हणून मोकळे होतात. मला मात्र त्यांच्याबरोबर राहायचं होतं, म्हणून मला ठरवणं भाग होतं आणि तेच जमलं नाही.

देवासात तेव्हा एकाच गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. हे थोरल्या पातीच्या बँडमध्ये. त्या बँडचं नाव इंदूर-उज्जैनपर्यंत होतं. मी धारची, चौथी पास. तेरा-चौदा वर्षांची असताना धारला एका शाही लग्नात तो बँड आला होता, तेव्हा आम्ही पोरी गच्चीवरून बघत होतो. लाल डगले, पांढरे पट्टे आणि पुढे चांदीची मूठ असलेली काठी घेऊन गोव्याकडचे मास्तर. परत जाताना त्यांनी एक चाल वाजवली. ती मास्तरांनी स्वतः बांधलेली होती आणि त्यांच्या बँडशिवाय कोणी वाजवत नसे. तिला सलामीची चाल म्हणत. ती ऐकून माझे वडील, आबा, रडले. आबा रडलेले मी तेवढेच पाहिले. वर्षभरात त्यांनी त्याच बँडमधला मुलगा शोधून माझं लग्न लावून दिलं. मी सलामीची चाल पूर्ण ऐकली ती त्या गच्चीवर, तेवढी एकदाच. तेव्हा मी चांदीच्या मुठीकडे बघत होते, चालीकडे माझं लक्ष नव्हतं.

ह्यांच्याकडे खांद्यावर घ्यायचा मोठा पितळी बाजा होता. त्याला इंग्रजी नाव होतं, आम्ही घरात भोंपू म्हणायचो. तो गाणं वाजवत नाही. गाणं वाजवायचं क्लारनेटने, आणि क्लारनेट होतं गोविंदरावांकडे. भोंपूने मधे मधे खालचा सूर द्यायचा. पुं... पुं पुं... आणि मग गप्प बसून मोजायचं. पुन्हा पुं. प्रत्येकाच्या पुढ्यात फक्त त्याच्या वाट्याच्या सुरांचा कागद असायचा. हे मला लग्न झाल्यावर कळलं, आबांना तर कळलंच नव्हतं. नवी सून म्हणून मला मिरवणूक बघायला जायची मुभा नव्हती, त्यामुळे बँडमध्ये तो पुं कुठे बसतो हे मी कधी ऐकलं नाही.

अठ्ठेचाळीस साली रियासत विलीन झाली आणि बँड मोडला. वाद्यं पेट्यांत घालून जमा करायची होती, कागदसुद्धा. ह्यांनी भोंपू चिंचेने घासला, फडक्याने पुसला आणि देऊन आले. मास्तर गोव्याला गेले ते गेलेच. ढोलवाला पोलिसात लागला. एकजण मोहनखेड्याला धर्मशाळेत गेला, रहीमखां सोनकच्छच्या मंडीत धान्य तोलायला लागले. गोविंदरावांनी लग्नाचा बँड काढला आणि तो जोरात चालला, कारण गाणं त्यांच्याकडे होतं. ह्यांना मुलींच्या शाळेत शिपायाची नोकरी मिळाली. घंटा वाजवायची. गल्लीतल्या बायका मला ऐकवायच्या, "काय गं, दरबारचा बँडवाला आता टोल देतो म्हणे!" मी सांगायचे, "वेळेवर देतो. तुमचा नवरा वेळेवर काय करतो?" पण घरात येऊन मी ह्यांच्यावर चिडायचे. गोविंदराव तर स्वतः बोलवायला आले होते. "बळवंता, चल माझ्याबरोबर. शादियों का सीझन है." हे एक हंगाम गेले आणि परत आले. कारण विचारलं तर म्हणाले, "तिथे सगळेच एकदम गाणं वाजवतात. मग मोजायचं कोणी?"

संध्याकाळी शाळेतून आले की हात-पाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि तोंडाने सुरू करायचे. पुं... पुं पुं... उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर दाबायची, डाव्या हाताच्या पेरांवर मोजायचं. सुरुवातीला सासूबाईंना वाटलं पोराला वारं लागलं. मला वाटलं, सवय आहे, जाईल हळूहळू. गेली नाही.

माझा भाऊ रघू, त्याचं लग्न धारला झालं, त्या वेळची गोष्ट. व्याही धरमपुरीचे, नर्मदेवर नावा चालवणारे, एकेकाचा आवाज ह्या काठावरून त्या काठावर जाईल असा. आबांनी त्यांच्यापुढे जावयाची इतकी तारीफ करून ठेवलेली की जेवणं झाल्यावर सगळे मांडवात बसूनच राहिले. आबांनी लग्नातल्या बँडवाल्याकडून त्याचा भोंपू मागून आणला. "जावईबापू, होऊन जाऊ द्या. सलामीची चाल." हे नाही म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी बाजा पुसला, खांद्यावर घेतला, ताठ बसले आणि सुरू केलं. पुं. मग गप्प. बोटं मोजतायत. पुं पुं. पुन्हा गप्प, आणि ह्या वेळी बराच वेळ गप्प. मांडवात कोणीतरी खोकलं. व्याह्यांच्यातला एक म्हणाला, "दाजी, गाणं कधी सुरू होणार?" दुसरा म्हणाला, "अरे रुको भिया, अजून हवा भरतायत!" हसू फुटलं. पोरं पुं पुं करत मांडवभर नाचायला लागली. मला वाटलं आता तरी थांबतील. हे थांबले नाहीत. सगळे थांबे मोजून, शेवटपर्यंत वाजवून त्यांनी बाजा खाली ठेवला. आबा कधीचे उठून आत गेले होते.

परत येताना बसमध्ये इंदूर मागे पडलं. मग मी विचारलं, "तुम्हाला एक गाणं येत नाही?"

"मला माझं येतं."

"आणि बाकीचं?"

"ते बाकीच्यांना येतं."

"अहो, इतकी वर्षं बँडमध्ये बसलात, कानावर तर पडलं असेल! नुसतं गुणगुणून दाखवा."

त्यांनी खरंच प्रयत्न केला. डोळे मिटले, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. म्हणाले, "मास्तर सांगायचे, ऐकू नकोस, मोज. ऐकायला गेलास तर चुकशील." मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्या माणसाने आपल्यापाशी नसलेलं काही आहे असं दाखवलं नाही, ह्यात चूक काय होती? पण मग आबा गच्चीवर रडले ते कशामुळे? त्यात ह्यांचा काही हात होता की नव्हता? इथेच माझा गोंधळ होतो.

पुढे दोन-तीन वर्षांनी हे रविवारी बाहेर जायला लागले. सकाळी दाढी, धुतलेला सदरा, आणि सोनकच्छची बस. कशाला जाता म्हटलं की "काम आहे." शिपायाचं रविवारी सोनकच्छला काय काम? मी सरळ अर्थ काढला, ह्यांनी दुसरी बाई ठेवली. एका रविवारी आमच्या लहान मुलीला सासूबाईंकडे दिलं आणि पुढच्या बसने मागोमाग गेले. विचारत विचारत मंडीत पोचले. मंडी बंद, सामसूम. एका छपराखाली पोत्यांवर हे बसलेले आणि समोर रहीमखां. हे म्हणतायत पुं, ते आपल्या बाजाचं म्हणतायत, टां टां टां. दोघांचे डोळे मिटलेले. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले. ह्यांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि तळहात वर केला... थांब. थांबा मोजत होते! बायको वीसेक मैलांवरून एकटी आलेली, आणि मला उभं करून त्यांनी मोजणं पूर्ण केलं, शेवटचा पुं दिला, मग विचारलं, "अगं, तू कशी इथे? मुलगी कुठाय?"

मी म्हटलं, "मी तुमची दुसरी बाई बघायला आले होते."

रहीमखां हसून हसून खोकायला लागले. "भाभी, इनसे एक गाना पूरा नहीं होता, दूसरी बाई क्या सम्हालेंगे!"

मी पोत्यावर बसले आणि म्हटलं, आता पुन्हा करा, मला ऐकू द्या. त्यांनी केलं. नीट कान देऊन ऐकलं. दोन खोल्यांत दोन माणसं आपापल्याशी बोलतायत, तसं वाटलं. चाल काही निघेना. "मग चाल कुठाय?" तर दोघं एका सुरात म्हणाले, "गोविंदरावांकडे."

आता मलाच ती ऐकायची होती. ह्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. एकदा तिघं बसले की आपला माणूस काय करतो ते तरी कळेल. मी स्वतः गोविंदरावांच्या घरी गेले. बाहेर भिंतीवर बँडची पाटी, ओट्यावर गिऱ्हाइकं. मी म्हटलं, "भाऊजी, एकदा तिघं बसा. एकदाच." ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगितलं म्हणजे झालं. दिवाळीनंतर नक्की." दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली. उन्हाळ्यात त्यांना टायफॉइड झाला आणि त्यातच गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. हे मातीला जाऊन आले, आंघोळ केली, ओट्यावर बसले. मी विचारलं, "आता?" म्हणाले, "आता काय. माझं आहे ना." आणि सुरू केलं... पुं.

पुढची पन्नास वर्षं तेच. मला कधी कधी शंका यायची, हे रोज मनाला येईल तसं करत असतील, कोण बघतंय? म्हणून मी पोळ्यांवर मोजायला लागले. मधल्या मोठ्या थांब्यात माझी एक पोळी लाटून तव्यावर पडायची. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. एकदा मुद्दाम पोळी सावकाश लाटली, तर पोळी पोळपाटावरच होती आणि बाहेर पुं झाला. असा माणूस वेडा म्हणावा, की ज्याच्या जिवावर बाकीच्यांनी डोळे मिटून वाजवावं असा? मला कळत नाही. विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेराव्यानंतर आठवड्याने यमुनावहिनी आल्या. गोविंदरावांची बायको. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या, कानाने पार गेलेल्या, नातसुनेचा हात धरून आल्या. ओट्यावरच बसलो. चहा झाला, गुडघे झाले, कोण कोण गेलं ते झालं. मी सहज ओरडून विचारलं, "गोविंदराव घरात काही वाजवत होते का हो?"

"घरात? छे! घरात क्लारनेटला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, ते पोटाचं आहे." मग म्हणाल्या, "दाढी करताना मात्र एक गुणगुणायचे. रोज तेच."

"कोणतं?"

"मला काय ठाऊक कोणतं. सिनेमातलं नव्हतं, एवढं खरं."

मी म्हटलं, म्हणून दाखवा. त्या आधी लाजल्या, मग नातसुनेला आत पाठवलं आणि सुरू केलं. फाटका आवाज, दात नाहीत. मी आबांना आठवायला बघितलं, गच्ची आठवायला बघितली, काही आठवेना. मग मी मांडीवर बोट ठेवलं आणि ह्यांचं सुरू केलं. पुं... वहिनींना ऐकू जाईना. त्यांचा डावा कान थोडा चालतो म्हणून मी उठून ह्यांच्या जागेवर, ओट्याच्या खांबाला टेकून बसले. तिथून त्यांना ऐकू जातं. पहिल्या खेपेला आम्ही भलतीकडेच गेलो. दुसऱ्या खेपेला वहिनी मधेच शिंकल्या. तिसऱ्या खेपेला मोठा थांबा आला, मी मोजत राहिले, वहिनी एकट्याच वर वर जात राहिल्या, आणि त्यांचा श्वास संपला तिथे नेमका माझा पुं पडला. वहिनींनी चमकून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा सगळं सुटलं.

आता ती सलामीची चाल होती, की गोविंदरावांची दाढीची कुठलीतरी, आणि एका जागी ती ह्यांच्या पुंला चुकून भेटली? सांगणारं कोणी राहिलं नाही. वहिनी म्हणाल्या, गुरुवारी येते. मी म्हटलं, "या. पण लवकर या, आणि मी गप्प बसले की बोलू नका. मी मोजत असते."