फोटोभोवतीचा हार

थिनरचा वास आला की सांगलीतली आमची एक खोली आठवते. नव्वदच्या दशकात, बी.ए. झाल्यावर मी तिथेच लाकडी फ्रेमला जाळी ताणून कॅलेंडरं छापायचो आणि वर गिऱ्हाइकाचा फोटो चिकटवायचो. माझी कॉलेजची फी भरणारे सर हृदयाचं ऑपरेशन करून मिरजेहून घरी आले, म्हणून त्यांच्यासाठी एक खास केलं. फोटो उठून दिसावा म्हणून दोन्ही बाजूंना झेंडूचा हार छापला आणि सकाळीच गुंडाळी त्यांच्या घरी देऊन आलो. परतलो तर दोरीवर वाळणारी दुसरी प्रत आई बघत होती. "आरं, जित्या माणसाच्या फोटूला हार? त्यांच्या बाईंनी बघितलं तर?" मी तशीच सायकल मारली. दारातच सरांच्या पत्नी भेटल्या. "अरे, धापा का टाकतोस? सर तुझंच कॅलेंडर बघतायत. मला अजून दाखवलं नाही, चहा टाकायला पिटाळलं." आत सर कॉटवर बसून फोटोच्या कडेचा हार कात्रीनं कापत होते. मला बघून हळूच म्हणाले, "दार लोट आणि हे टोक धर. चहा यायच्या आत उरकायचंय." मी धरलं, पण नजर दाराकडेच होती. "नीट धर रे, कान जाईल माझा!" आता मीही शिकवतो. एखाद्या पोराची चूक समोर आली की मी आधी दार लोटून घेतो.