चाळीस अंशांपुढची शून्यं

तंत्रनिकेतनात मी सव्वीस वर्षं इंजिनं शिकवली. त्यामुळे अमरावती-अकोल्यात गाड्यांचा विषय निघाला की माझा शब्द शेवटचा धरत. त्या मानाचा मी एकदा गैरवापर केला आणि त्यात अकोल्याच्या एका मिस्त्रींचं नाव खराब झालं. ते हयात आहेत, मीही आहे, तोवर खरं काय ते लिहून ठेवतो.

मी नुकताच निवृत्त झालो होतो. अमरावतीच्या एका वकिलांकडे परदेशातून आलेली जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार होती. तिचं इंजिन मिस्त्रींनी नव्याने बांधलं. तिचा मूळ कॉम्प्युटर बाद झाला होता, म्हणून बाजारातला दुसरा बसवून ट्यून करायचं काम माझ्याकडे आलं. मी नवं वायरिंग ओढलं, सेन्सर जोडले. मग जानेवारीतल्या सकाळी वकील गाडी चालवायचे आणि मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बडनेऱ्याच्या रस्त्यावर एकेक आकडा बसवायचो. गाडी सुरेख पळू लागली.

इंजिनात शिरणारी हवा जितकी गरम, तितकी ठिणगी जरा उशिरा पडावी लागते. नाहीतर आत धडाके बसून पिस्टन जळतो. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये किती अंशाला किती उशीर, असा एक तक्ता असतो. थंड देशातून आलेल्या आमच्या तक्त्यात चाळीस अंशांपुढे नुसती शून्यं होती. ते रकाने मीच भरायचे होते. अंगात स्वेटर होता. म्हटलं, उन्हाळ्यात बघू. जन्म वऱ्हाडात काढलेल्या माणसाने असं म्हणावं!

मे महिन्यात वकील भर दुपारी लग्नासाठी अकोल्याला निघाले आणि मूर्तिजापूरच्या पुढे गाडी बंद पडली. ओढून मिस्त्रींकडे नेली, मलाही बोलावलं. हेड उघडलं तर तिसऱ्या पिस्टनच्या माथ्याला भोक.

मिस्त्रींनी पिस्टन हातात फिरवून पाहिला. "सर, हे जळलं हाय, अडकलं नाई. माही फिटिंग घट्ट असती त बाजू घासली असती."

मलाही ते दिसत होतं. पण वकील माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही हाताने काम करणारे. हे आकड्यांचं आहे, त्यात नका पडू. पिस्टनला जागा कमी ठेवलीत तुम्ही."

"तुमच्यासमोर दोनदा मोजली ना जी मी."

"सर म्हणतात म्हणजे तसंच असेल," वकील म्हणाले. मिस्त्रींनी पिस्टन फडक्यावर ठेवला आणि हात पुसत राहिले.

घरी येऊन मी लॅपटॉपवर उतरवून आणलेली कॉम्प्युटरमधली नोंद वाचली. बंद पडण्याआधी इंजिनात शिरणारी हवा सहासष्ट अंश, ठिणगीतली दुरुस्ती शून्य. त्याच दिवशी सगळे रकाने भरले आणि गप्प बसलो. पुढचं इंजिन नागपुरात बांधून आलं. माझ्या दुरुस्त तक्त्यावर ते कितीतरी उन्हाळे बिनतक्रार चाललं, आणि लोकांना तोच पुरावा वाटला. हौसेच्या गाड्या बाळगणारे डॉक्टर, मोर्शीकडचे संत्रावाले, सगळ्यांनी मिस्त्रींकडे जाणं सोडलं. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं तेव्हा, "माणूस चांगला, पण हात जड," असंही मी म्हणालो आहे. खोटं एकदा बोलून मी थांबलो नाही, हे मला जास्त लागतं.

यंदा अकोल्याला गेलो. मिस्त्री दुकानात पाण्याची मोटार उघडून बसले होते. इंजिनाचे सिलिंडर घासायचं मशीन कधीच विकलं होतं. मी सगळं सांगितलं. ते ऐकत स्क्रू काढत राहिले.

"मले काहून सांगता, सर? मले त तवाच दिसलं होतं. वकीलसायबाले सांगा."

तिथूनच, मिस्त्रींनाही ऐकू जाईल असा, स्पीकरवर वकिलांना फोन लावला. माझं बोलून झाल्यावर वकील म्हणाले, "तुम्ही गेल्यावर मी त्यांना काय काय बोललो होतो, सर." मग विचारलं, "ते अजून इंजिनं बांधतात का? माझ्या ओळखीत एकाची गाडी आहे."

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "नाई म्हना," ते हळूच मला म्हणाले. "आता हात हालते."

मी फोनवर तसं सांगितलं.