लासूरची पॅसेंजर

काल फाटकाला पिवळा रंग देताना त्या वासानं पोरांबरोबर मांडलेली पहिली खेळण्यातली रेल्वे आठवली. पुठ्ठ्याच्या स्टेशनवर मुलीनं पिवळ्या रंगात आमच्या गावाचं नाव लिहिलं, 'लासूर'. पण सेलवरची गाडी तिथं थांबेचना.

"आजोबा कसे चढतील?" ती रडवेली झाली.

"जाऊ दे गं, ती एक्स्प्रेस हाय," माझे वडील म्हणाले. "माझी पॅसेंजर मागून येती."

मी कॉलेजात असताना त्याच पॅसेंजरनं ते मला भाकरी पाठवायचे. त्या भाकरीवरच मी घरातला पहिला पदवीधर झालो.

मुलीनं काड्यापेटीला दोरा बांधून पॅसेंजर आणली. वडिलांनी तिच्यात भाकरीचा तुकडा ठेवला. "औरंगाबादला उतरव. तुझा बाप कॉलेजात उपाशी आसंल."

तेव्हा आम्ही लई हसलो. आता मुलगी पुण्यात शिकते. काल रंगाच्या हातानंच तिला फोन लावला, "जेवलीस का गं?"