तळाची जाळी

हे घरात कुणाला माहीत नाही. बायकोला नाही, आणि मशिदीत ज्यांच्या खांद्याला खांदा लावून मी उभा राहतो त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही — तुमचं तोंड मला पुन्हा बघावं लागणार नाही. बघा, सुरुवातच भेकडाची झाली.

मी सांगलीचा. नळकाम, पंप, हौद हा अब्बांपासूनचा धंदा. आता लोक बंगल्यात पोहायचे तलाव बांधतात, म्हणून तेही करतो. विट्याजवळ एका गलाईवाल्या शेठचा बंगला आहे. शेठ वर्षभर दक्षिणेत सोनं गाळतो, गावच्या यात्रेला घरी येतो. त्याला जुना तलाव नवा करून हवा होता, तोही यात्रेच्या आत. त्याच्या बायकोला भिंतीत दगडी गोमुख हवं होतं — धो धो पडणारं — आणि तळाला रंगीत फरशीचं कमळ.

तलावाच्या तळाला दोन तोंडं असतात. पंप तिथून पाणी ओढतो, गाळून परत सोडतो. दोन कशाला? एकावर काही अडकलं तर दुसरं ओढ वाटून घेतं, म्हणून. हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं! पण एक तोंड नेमकं कमळाच्या मधोमध येत होतं. बुजवलं. गोमुखाला जोर यावा म्हणून पंप मोठा बसवला. कमळाच्या कडेला राहिलेल्या तोंडावर फुगीर झाकण लागतं, केस अडकू न देणारं. ते पुण्याहून यायचं होतं, आलं नाही. मी जुनीच सपाट जाळी बसवली आणि म्हटलं, यात्रा होऊ दे, मग बघू. मग बघू! हे शब्द दुसऱ्या कुणी उच्चारले तरी आज माझं टाळकं सरकतं.

जलपूजन झालं. ताटात नारळ, हळदकुंकू, फीत कापायची कात्री. गोमुख सुरू झालं, बायका हरखल्या, शेठनं माझी पाठ थोपटली. मीही फुगलो. पहिली उडी सायलीची. शेठची भाची, कोरेगावची, विहिरीत पोहायला शिकलेली. शर्यतीत कुणाला पुढं जाऊ द्यायची नाही. कमळाला हात लावून येते म्हणाली आणि बुडी मारली. लोक हसत होते — पोरीचा दम बघा! मग तिची आई किंचाळली.

मी धावत जाऊन पंप बंद केला. ओढ थांबली, पण जाळीत गुंतलेले केस थोडेच सुटतात? आणि मी? मी पंपापाशीच उभा राहिलो. उडी मारली ती आईनं, नेसत्या साडीनिशी, ताटातली कात्री उचलून.

पोरगी वाचली. तुम्हाला वाटेल, संपलं. नाही — अजून मी मुद्द्याला आलोच नाही.

ती काठावर पाणी ओकत होती. कसं झालं, कसं झालं, सगळ्यांचा एकच गलका. सगळ्यांत आधी मी तोंड उघडलं. “केस मोकळे सोडून कोण पाण्यात उतरतं?”

मोकळे नव्हते. घट्ट वेणी होती. पूजेच्या वेळी ती माझ्यापुढंच उभी होती, मी बघितली होती. पण आईनं पाण्याखाली हाताला लागेल ते कापलं होतं, उरलेले केस विस्कटलेले होते आणि लोकांना तेवढं पुरलं. पोरीच्या जातीला नसते उद्योग, म्हणाले. त्या लोकांचा मला राग येतो. हो, त्यांचाही! कुणीतरी जाळीकडं बघायचं होतं, माझी गचांडी धरायची होती. पण घरची पोर हाताशी असताना मिस्त्रीला कोण विचारतो?

तलाव रिकामा केल्यावर जाळीतून ती वेणी मीच काढली. पीळ तसाच होता, टोकाला रबर होतं. बंगल्यामागं नेऊन जाळली. मग कमळ फोडून बुजवलेलं तोंड मोकळं केलं, दोन्हीवर झाकणं बसवली. न सांगता केलं, म्हणून शेठ भारावला. माणूस असावा तर असा, म्हणाला.

मध्यंतरी कोरेगावच्या बाजारात सायली भेटली. केस अजून आखूडच. पोहणं घरच्यांनी बंद केलेलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, “चाचा, तुमी तिथंच हुता. मला सारखं वाटतंय, मी वेणी घातली हुती. घरात सगळी म्हणत्यात न्हाई. तुमाला आठवतंय का?”

तिच्या घरचं जवळपास कुणी नव्हतं. शेठ नव्हता. एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं.

“मोकळेच हुते, बाळा.”

“मग माझंच चुकलं,” ती म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

तो मी प्यालो.